जुन्या एमटीबीचं टूरिंग सायकलीत रूपांतर

संगमनेरहून अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला सामानासह जायचं, तर वेगापेक्षा चढाला पुरणारा हलका गिअर आणि भक्कम फ्रेम हवी. अडगळीत पडलेल्या, सस्पेन्शन नसलेल्या जुन्या स्टीलच्या एमटीबीत (माउंटन बाइकमध्ये) हे दोन्ही असतं. तिला खाली वळलेला ड्रॉप हँडलबार बसवला की हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात. लांबच्या प्रवासात मनगटांना हा फार मोठा आराम आहे.

खरी मेख ब्रेकची. एमटीबीच्या व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. रोड बाइकचे साधे लिव्हर तेवढी ओढत नाहीत. त्यामुळे ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण भरल्या सायकलीला उतारावर पुरत नाही. म्हणून व्ही-ब्रेकसाठीच बनवलेले ड्रॉपबार लिव्हर घ्यावेत. इथे काटकसर नको. गिअर बदलायचे जुने शिफ्टर 22.2 मिमी नळीचे आणि ड्रॉपबार 23.8 मिमीचा, त्यामुळे ते चढत नाहीत. त्याऐवजी बारच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर लावावेत. ड्रॉपबारवर हात पुढे जातात, म्हणून हँडल धरणारा स्टेम आखूड हवा. डांबरी रस्त्याला 26 इंची गुळगुळीत टायर उत्तम.

घाट उतरण्याआधी, सगळं सामान लादून, घराजवळच्या उतारावर ब्रेक तपासून घ्या.