वेग वाढवण्याआधी ताप मोजा

‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द हल्ली नववी-दहावीच्या मुलांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो. संगणकाचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, हा त्याचा सरळ अर्थ. फुकटात वेग मिळतो म्हणून मुलांना आकर्षण आणि यंत्र जळेल म्हणून पालकांना धास्ती! दोघांनाही उपयोगी पडावी म्हणून ही माहिती देत आहोत.

प्रोसेसरचे काम ठोक्यांवर चालते. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. हा वेग गुणाकाराने ठरतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३६ असेल तर वेग ३.६ गिगाहर्ट्झ; गुणक ४० केला की ४ गिगाहर्ट्झ. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए यासाठीच गाजला. त्याचा मूळ ठोका ६६ आणि गुणक ४.५, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. मूळ ठोका १०० वर नेला की त्यांतले पुष्कळ स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावत.

मग कंपनीच तो वेग का देत नव्हती? एका घाण्यातले सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. कमी ताकदीचाही बिनचूक चालेल, असाच वेग कंपनी छापते. बाकीच्यांत थोडी शिल्लक राहते. मात्र २००८ नंतर ‘टर्बो’ची सोय आली आणि ही शिल्लक प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच वापरू लागला. म्हणून आज हाताने मिळणारा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी आहे.

आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर काम करताना जी उष्णता निघते ती वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवला की तो टिकवण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर १.१ × १.१ × १.१ = १.३३. म्हणजे वेग १० टक्के जास्त, पण उष्णता ३३ टक्के जास्त! याच उष्णतेने मोठ्या कंपन्यांनाही अडवले. पेन्टियम ४ हा प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झवर नेण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला.

प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे संवेदक असतात. ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ या मोफत प्रोग्रॅमवर ते आकडे दिसतात. संगणक स्वस्थ असताना एकदा आणि जड काम अर्धा तास चालवून पुन्हा एकदा तापमान वहीत लिहा. शेजारी वेग आणि खोलीचे तापमानही लिहा. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या २०२२ साली आलेल्या रायझन ७००० मालिकेत ती बहुतांशी ९५ आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद पडतो.

खोलीचे तापमान का लिहायचे? पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या घरात जाणार. आपल्या ग्वाल्हेरात लू सुरू झाली की थंडीत जमवलेला हिशेब पुरता कोलमडतो.

जळण्यापेक्षा मोठा धोका आहे तो चुपचाप होणाऱ्या चुकांचा. न झेपणाऱ्या वेगावर प्रोसेसर चालू दिसतो. पण एखादे उत्तर चुकते, एखादी फाइल बिघडते आणि प्रकल्प जमा करण्याच्या दिवशी ती उघडत नाही. म्हणून प्रयोग करायचाच तर आधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या, फायलींची दुसरी प्रत ठेवा आणि वॉरंटीच्या अटी वाचा. गुणक एकेकानेच वाढवा, व्होल्टेजला हात लावू नका. लॅपटॉपवर हा उद्योग नकोच.

बऱ्याच घरी तर आधी गेलेला वेग परत मिळवायचा असतो. हीटसिंकमध्ये धूळ साचली की हवा खेळत नाही, तापमान मर्यादेला भिडते आणि संगणक मंदावतो. वीज तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा. हीटसिंक उचलला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

शाळेच्या संगणकांवर मात्र ओव्हरक्लॉकिंग करू नये. ती यंत्रे सर्वांची आहेत. विश्वस्त मंडळाला आमची विनंती एवढीच : संगणक मंद झाले म्हणून नवे घेण्याआधी त्यांचे तापमान पाहावे, आणि दरवर्षी होळीनंतर व दिवाळीच्या सुटीत त्यांची सफाई व्हावी. तापमानाची नोंदवही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे द्यावी. विज्ञानाचा तो उत्तम पाठ ठरेल.