आघाडीवर कोण? आधी वारा पाहा

एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची, ही 'व्हाँदे ग्लोब' शर्यत. दर चार वर्षांनी ती फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोन बंदरातून सुटते. १० नोव्हेंबर २०२४ रोजी ४० नौका निघाल्या.

आघाडीवर कोण हे कसं ठरतं? उपग्रहामुळे प्रत्येक नौकेची जागा कळते. ठरवलेल्या मार्गाने अंतिम रेषेपर्यंत ज्याचं अंतर सर्वांत कमी उरलं, तो पहिला. पण या हिशेबात वारा धरलेला नसतो. चांगला वारा गाठायला लांबचा वळसा घेणारा खलाशी काही दिवस मागे पडलेला दिसतो आणि नंतर मुसंडी मारतो.

डिसेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला मोठं वादळ आलं. काहींनी उत्तरेकडून सुरक्षित वाट धरली. शार्ली दालां आणि सेबास्तियाँ सिमों मात्र हिमनगांमुळे निषिद्ध ठरवलेल्या हद्दीच्या कडेकडेने, वादळाच्या पुढे राहून सुसाट निघाले आणि त्यांनी शेकडो मैलांची आघाडी घेतली. तीही टिकली नाही. पॅसिफिकमध्ये योआन रिशोमने दालांला गाठलं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न त्याच्या सुमारे ९ मिनिटं आधी ओलांडलं!

अटलांटिकमध्ये दालांने पुन्हा बाजी पलटवली. १४ जानेवारी २०२५ रोजी तो ६४ दिवस १९ तासांत पोहोचला; जुना विक्रम ९ दिवसांहून अधिक फरकाने मोडला. रिशोम दुसऱ्या दिवशी आला.

पुढची शर्यत पाहताना क्रमवारीच्या जोडीला वाऱ्याचा नकाशाही जरूर उघडा. खरी चुरस तिथेच कळते.