काळवंडलेल्या गोळ्या आणि घोड्यांचे तबेले

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्या हौशी नेमबाजांकडे जुन्या, काळवंडलेल्या गोळ्या हमखास निघतात. टाकू नका! गोळीचं आवरण सहसा गिल्डिंग मेटलचं, म्हणजे साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. काळेपणा बहुधा वरवरचाच. सुट्या गोळ्या मक्याच्या कणसांच्या भुशात टंबलरमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, फिरवल्या की उजळतात. हिरवा गंज खोल खड्डे पाडून बसला असेल, तर बाजूला काढा.

अमोनियावालं पॉलिश मात्र नकोच. गोळी ज्या पितळी पुंगळीत बसवतात, तिचा अमोनिया वैरी. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण यांचा हा परिणाम, हे १९२१ मध्ये उलगडलं. उपाय सोपा होता: पुंगळ्या तापवून ताण घालवायचा.