मोकळ्या साच्यांचं गणित

एम्प्रेस मिलचा भोंगा वाजायचा, यंत्रं सुरू व्हायची आणि तरी कितीतरी साच्यांपुढे माणूसच नसायचा. जमशेटजी टाटांची ही नागपूरची गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. सगळा हिशेब चोख होता. रोज पडणारे खाडे तेवढे त्यात धरलेले नव्हते. हातमागावर आपल्या वेळेनं विणणारा कोष्टी, पेरणी आली की गावाकडे निघणारा शेतमजूर, यांना भोंग्यासरशी उभं राहणं मानवत नव्हतं.

गिरणीबद्दल गावात आधीच शंका होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरायला मातीचे ढीग पडू लागले, तेव्हा एका सावकारानं भांडवल द्यायला साफ नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, असं त्याचं मत. पुढे गिरणी चालली आणि त्याच सावकारानं कबूल केलं, की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं.

जमशेटजींची खरी पारख दिसली ती मॅनेजर निवडताना. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सुताचं त्यांना काही कळत नव्हतं. यंत्रं पाहायला लँकेशायरहून आलेले जेम्स ब्रुक्सबी होते. बेझनजींकडे माणसं सोपवली होती. खाडा केला की दंड, हा त्या काळचा गिरण्यांतला सरधोपट उपाय. एम्प्रेसमध्ये भर होता तो बक्षिसांवर. दरवर्षी समारंभ व्हायचा आणि चांगलं काम करणाऱ्यांना सोन्याचे दागिने, घड्याळं, कापडाचे तागे, रोख रक्कम सगळ्यांदेखत मिळायची. मला यातलं 'सगळ्यांदेखत' फार मोलाचं वाटतं. ज्याला एरवी मुकादम नुसती हाक मारायचा, त्याला त्या दिवशी मालकाच्या पंगतीतले लोक नावानं ओळखायचे.

पण बक्षीस वर्षातून एकदा. नागपूरचा मे महिना मात्र रोज सोसायचा. कोरड्या हवेत धागा तुटतो, आणि धागा तुटला की साचेवाल्याची धावपळ दुप्पट होते. हवेत ओलावा सोडणारी यंत्रणा आणि आग विझवणारे फवारे जमशेटजींनी देशात फारसं कुणी करत नसताना बसवले. ओलावा सुतासाठी हवा होता, हे खरंच. तरीही सुताची आणि माणसाची सोय एकाच खर्चात साधली, हे त्या गिरणीचं शहाणपण मी मोठं मानतो. त्यातच पेन्शनची सोय आली, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला. भरपाईचा कायदा सरकारनं १९२३ मध्ये केला, प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये.

याच काळात मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी १८८४ पासून अर्जविनंत्या चालवल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. त्या काळी ही केवढी हिंमत! त्यानंतर जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणून एम्प्रेसचं कौतुक करताना मी लोखंड्यांचं नाव सोडू शकत नाही. सगळ्या कामगारांना काही जमशेटजी भेटत नाहीत.

आणि एक दुःख असं होतं, की ते कुठल्याच हजेरीपटावर उमटत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण सोबत्यांना चालत नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला, की ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घाला. नाहीतर आपली माणसं संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती घातली. मालकांनी उत्तर दिलं, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. आणि एवढ्यापुरतं मालकांचं म्हणणं बरोबर होतं, असं आंबेडकरांनी पुढे सांगितलं.