किंमत आणि आयुष्य : लॅपटॉपसंबंधी थोडे विवेचन



जी वस्तू महाग ती टिकाऊ, असा आपल्या मनाचा एक जुना हिशेब आहे आणि तो अगदीच निराधार नाही. जाड बुडाची कढई पातळ कढईपेक्षा महाग पडते, पण ती सासूकडून सुनेकडे जाते. सागाच्या दाराला पैसे जास्त पडतात, पण त्याला वाळवी सहसा लागत नाही. खामगावच्या बाजारात आपण चांदीचे ताट घेतो तेव्हा तर हा हिशेब अधिकच चोख असतो. ताट चेपले, झिजले, मोडले, तरी चांदी उरतेच आणि तिचे मोल हाती येते. आपल्या जिल्ह्यातील पिढ्यान् पिढ्यांची खरेदी या समजुतीवर झालेली आहे.

लॅपटॉप घेताना आपण हाच हिशेब लावतो. मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला गेली, की कपाशी-सोयाबीनच्या हंगामातले पैसे बाजूला काढून किंवा मासिक हप्ते बांधून घरात ऐंशी हजारांचे, लाखाचे यंत्र येते. "एकदाच घ्यायचे, पण चांगले घ्यायचे" हे त्यामागचे सूत्र असते. वर्षाची हमी संपते. तिसऱ्या वर्षी बॅटरी तासाभरात मान टाकू लागते, बिजागरी कुरकुरते आणि एके दिवशी पडदा उजळतच नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर घरातला कर्ता माणूस विचारतो, "अहो, एवढे पैसे मोजले ते कशाचे?" प्रश्न रागाचा असला तरी तो शास्त्रीय प्रश्न आहे, आणि आज त्याचेच उत्तर आपल्याला शोधायचे आहे.

प्रथम ही किंमत कशाची असते ते पाहू. लॅपटॉपची किंमत मुख्यतः चार गोष्टींनी वाढते : गणनाचा वेग, पडद्याचा रेखीवपणा, शरीराचा सडपातळपणा आणि वजनाचा हलकेपणा. या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि पैशाच्या मोबदल्यात त्या मिळतात. पण या यादीत ‘आयुष्य’ हा शब्द कोठेही नाही. इतकेच नव्हे, तर यांतील दोन गुण, म्हणजे वेग आणि सडपातळपणा, एकत्र आले की आयुष्याशी त्यांचे भांडण सुरू होते. ते कसे, हे समजण्यासाठी उष्णतेचा विचार केला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग आपण बोलण्यात नेहमी करतो. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. घाटाखालचा मे महिना कसा असतो हे येथे कोणाला सांगायला नको. पारा चाळीस अंशांच्या वर जाणे ही तेथे बातमी होत नाही. आता लॅपटॉपबरोबर येणारे माहितीपत्रक उघडून पाहा. अनेक नामांकित कंपन्या त्यात स्पष्ट लिहितात की, हे यंत्र 35 अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावे. म्हणजे ज्या खोलीत कूलर नाही, त्या खोलीत वर्षातील कित्येक दुपारी आपण यंत्र त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवत असतो. बारीक अक्षरातली ही ओळ कोणी वाचत नाही आणि दुकानदारही वाचून दाखवत नाही.

उष्णतेचा पहिला घाव बॅटरीवर पडतो. लिथियम-आयन बॅटरी ही एक रासायनिक कोठी आहे. तिच्यात वीज भरली जाते तेव्हा लिथियमचे विद्युतभारित कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतात, आणि आपण वीज वापरतो तेव्हा ते परत येतात. या येरझाऱ्यांत दर वेळी थोडे लिथियम कायमचे अडकून पडते, म्हणून काही शे वेळा भरणे-उतरणे झाले की बॅटरीची धारणाशक्ती उघड घटते. शिवाय यंत्र वापरले नाही तरी आतल्या नको त्या क्रिया चालूच असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील एक ढोबळ नियम आहे. त्यात बॅटरी रात्रंदिवस शंभर टक्के भरलेली ठेवली, तर म्हातारपण आणखी लवकर येते. तेव्हा बॅटरी जुनी होणे हा दोष नाही, तो तिचा धर्म आहे. दोष असेल तर तो निराळ्या ठिकाणी आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊच.

उष्णतेचा दुसरा घाव सांध्यांवर पडतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. धाव लाल होईपर्यंत तापवतात, ती प्रसरण पावते, चाकावर बसवून पाणी ओततात आणि ती आकसून लाकडाला घट्ट धरते. धातू तापला की पसरतो, निवला की आकसतो, आणि निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या प्रमाणात पसरतात. लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील मुख्य चिपा अत्यंत बारीक डाकाच्या थेंबांनी जोडलेल्या असतात. डाक म्हणजे ज्याला कारागीर सोल्डर म्हणतात तो. चिप सिलिकॉनची, पाटी तंतुकाचेची आणि तांब्याची, मधला थेंब कथिलाचा. यंत्र चालू केले की तिघेही तापतात, बंद केले की तिघेही निवतात, पण तिघांची चाल सारखी नसते. हजारो वेळा असे ताणले गेल्यावर एखाद्या थेंबाला केसाएवढी चीर पडते आणि यंत्र मुके होते. 2008 च्या जुलैमध्ये एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने लॅपटॉपांतील आपल्या काही चित्र-चिपांच्या जोडणीतील अशाच बिघाडापोटी पंधरा ते वीस कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली होती. ज्या यंत्रांत त्या चिपा होत्या त्यांतील कित्येक यंत्रे चांगल्या किमतीची होती.

आता वेग आणि सडपातळपणा यांचे भांडण लक्षात येईल. वेगवान चिप अधिक उष्णता टाकते. सडपातळ शरीरात पंखा लहान आणि हवेची वाट अरुंद. त्या वाटेत आपल्याकडची धूळ आणि कापसाचे तंतू बसले, की उष्णता आत कोंडते. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. ज्या वेगासाठी जादा पैसे दिले, तो वेग उन्हाळ्यात यंत्रच आखडून घेते!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे बंदिस्तपणा. शिवणयंत्राची वादी तुटली तर आपण वादी बदलतो. शिवणयंत्र बदलत नाही. लॅपटॉपच्या बाबतीतही पूर्वी बरेचसे असेच होते. खालची खटकी सरकवली की बॅटरी हातात येई, दोन स्क्रू काढले की स्मृतीची पट्टी बदलता येई. पुढे यंत्रे पातळ होत गेली तशी अनेक महाग नमुन्यांत बॅटरी गोंदाने चिकटवली गेली आणि स्मृती मदरबोर्डवरच डाकाने बसवली गेली. म्हणजे जो भाग लवकर झिजणार हे बनवणाऱ्याला पक्के ठाऊक आहे, तोच भाग काढता येऊ नये अशी रचना झाली. मघाशी ज्या दोषाचा उल्लेख केला तो हा.

याचे एक गाजलेले उदाहरण देतो. अ‍ॅपल कंपनीने 2015 मध्ये ‘बटरफ्लाय’ नावाचा अतिशय पातळ कीबोर्ड आणला. त्याच्या कळीखाली धुळीचा कण शिरला तरी कळ अडकते किंवा एक अक्षर दोनदा उमटते, अशा तक्रारी येऊ लागल्या. कळीची किंमत ती काय! पण अशा यंत्रांत कीबोर्ड, वरचे कवच आणि चिकटवलेली बॅटरी ही एकजीव असल्याने, कीबोर्ड बदलायचा म्हणजे हा सबंध भागच बदलायचा. 2018 मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, 2019 च्या अखेरीपासून तिने तो कीबोर्ड सोडून जुनी पद्धत पुन्हा स्वीकारली, आणि 2022 मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात आपली चूक मान्य न करता पाच कोटी डॉलर देऊन तडजोड केली. यंत्र जगातील महागड्या यंत्रांपैकी, आणि त्याला थोडीशी धूळ भारी पडली.

चौथा घाव बाहेरून दिसतही नाही. यंत्र धडधाकट असते, पण त्याला चालवणाऱ्या प्रणालीची मुदत संपते. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा विनामूल्य आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. पुढची विंडोज 11 ही प्रणाली ठरावीक सुरक्षा-चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर असल्याशिवाय अधिकृतपणे चालत नाही. 2016 साली लाखाला घेतलेले यंत्र असे एका तारखेने वृद्ध ठरले. अशा यंत्रावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवून ते आणखी काही वर्षे चालवता येते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे कोणी विचारील की, मग हे सारे कारस्थानच समजायचे काय? अशी कारस्थाने इतिहासात झालेली आहेत. 1924 मध्ये जिनिव्हा येथे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचा करार केला होता. परंतु प्रत्येक बिघाडामागे असा करार असतो असे मानणे म्हणजे विचार करण्याचे श्रम टाळणे होय. पुष्कळ वेळा कारण साधे असते. दुकानात सडपातळपणा डोळ्यांना दिसतो. टिकाऊपणा दिसत नाही. आपण जे पाहून पैसे देतो, तेच कारखानदार बनवतो. म्हणून उपायाचा अर्धा भाग कायद्याकडे आहे आणि अर्धा आपल्या हाती आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून अमलात आहे. वस्तूत दोष असेल तर ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो आणि ती आपण राहतो तेथील आयोगाकडे करता येते. कंपनी मुंबईची असो की बंगळूरची, मेहकरच्या माणसाला तेथवर जाण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्रथम 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तडजोडीचा प्रयत्न करता येतो. या सर्वांत पावती आणि दुरुस्ती केंद्राने दिलेला प्रत्येक कागद हाच आपला साक्षीदार असतो. तो कागद मागून घ्यावा. याशिवाय केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. फ्रान्समध्ये तर 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी त्याच्या दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण लिहावे लागू लागले. ग्राहकाला न दिसणारी गोष्ट दिसू लागली, तर बाजारही तिची दखल घेईल, हा त्यामागील विचार आहे.

आपल्या हाती असलेला भाग त्याहून सोपा आहे. दुकानात वेगाचे आकडे ऐकून झाले की चार प्रश्न विचारावेत. बॅटरी बदलता येते काय आणि तिची किंमत किती? स्मृती आणि साठवण वेगळी काढता येते काय? सुटे भाग किती वर्षे मिळतील? दुरुस्ती केंद्र कोणत्या गावी आहे? मग एक त्रैराशिक मांडावे. समजा, एक लाख वीस हजारांचे यंत्र चार वर्षे चालले, तर वर्षाला तीस हजार पडले. पन्नास हजारांच्या यंत्रावर मध्ये दहा हजारांची दुरुस्ती झाली आणि ते सहा वर्षे चालले, तर वर्षाला दहा हजारच पडले. भाव यंत्राचा करू नये, वर्षाचा करावा.

घरी आणल्यावर यंत्र गादीवर न ठेवता कठीण पाटावर ठेवावे. खालची हवेची वाट गादी बुजवते. वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, जाणत्या कारागिराकडून आतली धूळ काढून घ्यावी. सतत विजेला जोडून काम करायचे असेल, तर बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक यंत्रांत असते, ती वापरावी. आणि आपल्या गावातील दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मान द्यावा. त्याचे दुकान बंद पडले तर आपल्या हाती फक्त नवे यंत्र घेणे उरेल.

चांदी मोडली तरी चांदी राहते, कारण तिचे मोल तिच्या पदार्थात आहे. लॅपटॉपचे मोल त्याच्या चालण्यात आहे. तो थांबला की ते मोल संपले. म्हणून त्याची पारख कसोटीच्या दगडाने होत नाही. ती एकाच प्रश्नाने होते : हा बिघडला तर उघडेल काय? ज्या घराने हंगामाचा पैसा त्यात घातला आहे, त्याने हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारावा. त्याचे उत्तर देण्याची सवय दुकानदारालाही लागेल आणि त्याच्यामागून कारखानदारालाही.