बाजार, मासा आणि राजपुत्र : अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील चित्रे

लंडनच्या नॅशनल गॅलरीत माशांच्या बाजाराचे एक मोठे चित्र आहे. शेल्ड नदीकाठच्या अँटवर्प शहरातील योआखिम ब्यूकेलार या चित्रकाराने ते १५६९ साली रंगविले. पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी या चार तत्त्वांवर त्याने जी चित्रमालिका केली, त्यातील 'जल' हे ते चित्र होय. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ती मासळी. तऱ्हेतऱ्हेचे ताजे मासे आणि ते विकायला बसलेली माणसे यांनी चित्राचा पुढचा भाग व्यापला आहे. वसई, अर्नाळा किंवा भाऊच्या धक्क्यावरची सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

मात्र नजर थोडी स्थिरावली की पार्श्वभूमीला, अगदी लहान आकारात, आणखी एक प्रसंग दिसू लागतो. पुनरुत्थित प्रभू येशू तिबिर्या सरोवराच्या काठी आपल्या शिष्यांना दर्शन देत आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील, एकशे त्रेपन्न माशांनी जाळे भरल्याचा हा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजारात माशांचे बारा प्रकार मांडलेले असून ते बारा प्रेषितांचे सूचक असावेत, असे काही अभ्यासक मानतात. चित्राच्या तीनच वर्षे आधी, १५६६ साली, अँटवर्पमधील चर्चमध्ये शिरून जमावाने पवित्र प्रतिमांची मोडतोड केली होती. अशा काळात चित्रकाराने प्रभूला वेदीवर न दाखविता बाजाराच्या गर्दीपलीकडे दाखविले. जो थांबेल त्यालाच तो दिसेल, अशी ही रचना आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, बाजाराच्या गर्दीत एखादा मोठा नैतिक प्रसंग मांडण्याची ही रीत त्याच्या सुमारे अकराशे वर्षे आधी आपल्याच भूमीत एका नदीकाठी अवलंबिली गेली होती. ते स्थळ म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील अजिंठ्याची लेणी. अजिंठा गाव शेजारच्या सिल्लोड तालुक्यात आहे; लेणी मात्र सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळच्या डोंगरात आहेत. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यात ही लेणी कोरलेली असून खालून वाघूर नदी वाहते. हीच नदी पुढे खानदेशात उतरून तापीला मिळते.

अजिंठा म्हटले की बहुतेकांना पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे शांत मुखच आठवते. परंतु सामान्य माणसांची वर्दळ ज्यांना पाहावयाची असेल, त्यांनी सतराव्या लेण्यात थोडा अधिक वेळ द्यावा, असे आम्हांस वाटते. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात कोरले गेले. तेथील शिलालेखातून दात्याची हकीकत कळते. तो हरिषेणाच्या आधिपत्याखालील एक स्थानिक राजा होता. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त या नावाने ओळखतात. रविसांब या त्याच्या धाकट्या भावाचा अकाली मृत्यू झाला. त्या दुःखाने संसारातील सर्व गोष्टींची अनित्यता त्याला जाणवली आणि तो दानधर्माकडे वळला. भिक्षूंसाठी त्याने हा विहार आणि थंड, निर्मळ पाण्याचे टाके करविले. भावाच्या वियोगातून उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या भिंतींवर मुख्यत्वे दानाच्या आणि त्यागाच्या कथा रंगविल्या जाव्यात, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

या कथांना जातककथा म्हणतात. गौतम बुद्धांच्या पूर्वजन्मांविषयीच्या बौद्ध परंपरेतील या कथा आहेत. त्यांपैकी विश्वंतर जातकाला सतराव्या लेण्यात मोठी जागा मिळाली आहे. राजपुत्र विश्वंतर हा दानशूर होता. त्याच्याजवळ एक पांढरा हत्ती होता आणि तो हत्ती जेथे असेल तेथे पाऊस पडतो, अशी लोकांची श्रद्धा होती. कलिंग देशात दुष्काळ पडला तेव्हा तेथील ब्राह्मणांनी येऊन तो हत्ती मागितला आणि राजपुत्राने तो देऊन टाकला. प्रजा खवळली. तिच्या आग्रहामुळे राजाला आपल्या पुत्रास वनवासात धाडावे लागले. पत्नी माद्री आणि दोन लहान मुले यांच्यासह राजपुत्र रथातून नगराबाहेर निघाला.

नेमका हाच प्रसंग चित्रकाराने बाजारात आणून ठेवला आहे. राजपुत्राचा रथ निघाला आहे आणि नगरातील दुकाने मांडलेलीच आहेत. विक्रेते आपापल्या जागी बसले आहेत. एका कुटुंबाचे आयुष्य उलटेपालटे होत असताना बाजाराचा दिवस मात्र नेहमीसारखाच चालू आहे. घाईने पाहणाऱ्यास येथे केवळ पंधराशे वर्षांपूर्वीचा बाजार, त्या काळची वस्त्रे आणि भांडी दिसतील. तीही मोलाची आहेत, कारण त्या काळच्या सामान्य माणसाचे दैनंदिन जीवन इतक्या जिवंतपणे दाखविणारी साधने फार थोडी उरली आहेत. परंतु चित्राचा विषय त्या गर्दीतून जाणारा रथ हा आहे.

या कथेत प्रजेचा राग समजण्याजोगा आहे, हे आपण विसरता कामा नये. शेजारच्या देशाची तहान भागविण्यासाठी आपला पाऊस देऊन टाकावा काय, असा प्रश्न त्या लोकांपुढे होता. मराठवाड्यातील वाचकाला तो जुना वाटणार नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आजही आहे. धरणाच्या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या भागांत होणारे वाद आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. कथेत पुढे विश्वंतर आपली मुलेसुद्धा एका याचकाला देतो, आणि अखेरीस त्या मुलांचे आजोबा मोल देऊन त्यांना सोडवितात. आजच्या आईबापांना हा भाग खटकेल, आणि तो खटकावा. द्यावे किती आणि दुसऱ्याच्या वतीने द्यावे काय, हा प्रश्न ही कथा वाचकापुढे उभा करते.

याच लेण्यात एका माशाचीही कथा आहे. ती मच्छ जातक या नावाने ओळखली जाते. पाऊस न पडल्यामुळे तळे आटते. मासे चिखलात तडफडू लागतात आणि कावळे त्यांना टिपून खाऊ लागतात. बोधिसत्त्व त्या जन्मी मासा असतो. आपल्या जातभाईंचे हाल पाहून तो चिखलातून वर येतो, आकाशाकडे पाहतो आणि म्हणतो की, माशाने माशाला खावे अशा कुळात जन्मूनही आपण आजवर कोणा जिवाला खाल्लेले नाही. या सत्याच्या बळावर पाऊस पडो. मग पाऊस पडतो आणि सारे मासे वाचतात. बाजारात मासा ही वस्तू असते, तिचे वजन होते, तिचा भाव होतो. येथे तोच मासा दुसऱ्यांसाठी याचना करणारा झाला आहे.

या कथांचा धर्मविचार आणि आपली ख्रिस्ती श्रद्धा एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील भेद खरे आहेत. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्राने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले आहे. त्या दृष्टीने ख्रिस्ती भाविकाने ही चित्रे आदराने आणि समजून घेऊन पाहावीत.

समजून घेताना ती कशी केली हेही जाणून घेणे उचित ठरेल. कोरलेल्या खडकावर प्रथम मातीचा गिलावा देत. त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळीत, म्हणजे तो धरून राहत असे. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून, तो सुकल्यानंतर रंग भरीत. लाल आणि पिवळी गेरू, हिरवी माती, पांढरी माती आणि काजळी हे रंग वापरीत. निळा रंग मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा असे. व्यापारी मार्गांनी इतक्या दूरवरून आलेला तो रंग या दरीतील भिंतींवर चढला. ओल्या चुन्यात मुरलेले रंग टिकाऊ असतात. येथे ते कोरड्या पृष्ठभागावर दिलेले असल्याने ओल, कीटक, वटवाघळे आणि माणसाचा स्पर्श यांनी त्यांची हानी होते.

माणसाच्या सद्हेतूनेही त्यांची हानी झाली आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी येथे आला आणि लेण्यांचा बोभाटा बाहेरच्या जगात झाला. त्याने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव कोरून ठेवले. पुढे मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रतिकृती करविल्या. त्यांतीलही अनेक १८८५ च्या आगीत लंडनमध्येच नष्ट झाल्या. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर लावलेले वार्निश कालांतराने पिवळे पडले आणि मूळ रंग झाकोळले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून निखळणारा गिलावा सावरला. १९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याचा जागतिक वारशात समावेश केला. प्रतिकृती जळाल्या, मूळ चित्रे मात्र त्याच नदीकाठी, त्याच भिंतींवर आहेत. ती गेली तर पुन्हा मिळणार नाहीत.

धर्मग्रामांच्या अथवा शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, त्यांच्यासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. लेणी सोमवारी बंद असतात. खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते. आत भिंतींना हात लावू नये, झगझगीत प्रकाशाने छायाचित्रे काढू नयेत आणि मोठ्याने बोलू नये. सतराव्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही क्षण उभे राहावे. मुलांना आधी बाजार शोधू द्यावा, मग रथ शोधण्यास सांगावे, आणि जमल्यास कथाही तेथेच सांगावी.

ब्यूकेलारच्या मासळी बाजारात प्रभू शोधावा लागतो. अजिंठ्याच्या बाजारातून जाणारा रथही शोधावा लागतो. आपण स्वतः दर आठवड्याला बाजारात जातो, भाव करतो, पिशव्या भरतो आणि परततो. त्या गर्दीत कोणाचे घर मोडत आहे, कोणाला पाणी हवे आहे, कोण आपल्यासाठी नव्हे तर दुसऱ्यासाठी काही मागत आहे, हे आपल्या नजरेस पडते काय? अजिंठ्याहून परतताना प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.