जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलताना मदरबोर्डची सुसंगतता : एलजीए ११५१ सॉकेटचे उदाहरण

प्रस्तावना :
महाविद्यालयातील जुने संगणक मंद झाले की केवळ प्रोसेसर बदलून त्यांचे आयुष्य वाढवावे, असा विचार साहजिकच पुढे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविल्यानंतर या विचारास निकड प्राप्त झाली. मात्र प्रोसेसर मदरबोर्डवर बसतो, एवढ्यावरून तो चालेलच असे नाही. प्रस्तुत लेखात हा मुद्दा इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटच्या आधारे स्पष्ट केला आहे.

सॉकेट व चिपसेट :
सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसविण्याची जागा होय. एलजीए प्रकारात पिना सॉकेटमध्ये असतात व नावातील आकडा त्यांची संख्या दर्शवितो. एलजीए ११५१ हा सॉकेट २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर आला. सातव्या पिढीनेही तोच वापरला. १०० मालिकेच्या चिपसेटवर बायोस अद्ययावत केल्यास सातव्या पिढीचा प्रोसेसर चालू शकतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीतही पिनांची संख्या ११५१ च राहिली. परंतु काही पिनांचे कार्य बदलले आणि ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरला. म्हणजेच सॉकेटचे नाव समान असूनही सुसंगतता संपुष्टात आली.

व्यावहारिक परिणाम :
एच११० चिपसेटच्या संगणकात कोअर आय-३ ६१०० हा २ गाभ्यांचा प्रोसेसर असल्यास, मदरबोर्डची अनुमती असेल तर, ४ गाभ्यांचा कोअर आय-७ ७७०० बसविता येतो. त्यामुळे वेग वाढेल; पण विंडोज ११ साठीची अधिकृत पात्रता मिळणार नाही, कारण इंटेलच्या बाबतीत ती सामान्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. खर्चाचा हेतू पात्रता हा असेल, तर तो निष्फळ ठरतो.

तपासणीचा क्रम :
१) विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या सुविधेतून मदरबोर्डचे नाव व बायोसची आवृत्ती नोंदवावी.
२) निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरच्या यादीत नियोजित प्रोसेसर व त्यास लागणारी किमान बायोस आवृत्ती पाहावी.
३) जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस अद्ययावत करावा, अन्यथा नव्या प्रोसेसरवर संगणक सुरूच न होण्याचा संभव असतो. या वेळी वीज खंडित होऊ नये म्हणून यूपीएसचा वापर करावा.
४) उष्णतेचे मान तपासावे. वरील उदाहरणात ते ५१ वॅटवरून ६५ वॅट होते. पंखा व वीजपुरवठा त्यास पुरेसा हवा.

समारोप :
संगणकात अद्याप हार्ड डिस्क असेल, तर प्रथम एसएसडी बसविणे व रॅम वाढविणे बहुधा अधिक लाभदायक ठरते. विंडोज ११ अनिवार्य असेल, तर मदरबोर्डसह प्रोसेसर बदलावा लागेल. अनिवार्य नसेल, तर लिनक्सचा पर्याय उपलब्ध आहे. डेड स्टॉक नोंदवहीत मदरबोर्ड व चिपसेट यांचीही नोंद ठेवल्यास खरेदीपूर्वीच योग्य निर्णय घेणे विभागांना शक्य होईल.